मुलाखतीत ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले तर...

संध्याकाळची वेळ. चाळीतली एक मुलगी नोकरीची मुलाखत देऊन घरी आली. बी.कॉम. झालेली, टॅलीचा कोर्स केलेली, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास झालेली. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, “कसा झाला गं इंटरव्ह्यू?” मुलगी म्हणाली, “चांगला झाला.” पण चेहरा काही वेगळेच सांगत होता. जेवायला बसल्यावर हळूहळू सारे बाहेर आले.

हिशेबाचे दोनच प्रश्न विचारले होते. दोन्हींची उत्तरे तिने अचूक दिली. त्यानंतर साहेबांनी तिचे पूर्ण नाव पुन्हा विचारले. अर्जावर ते लिहिलेलेच होते. मग “मूळ गाव कोणते?” गाव सांगितले तर “गावात घर कुठल्या बाजूला?” “वडील काय करतात?” “महानगरपालिकेत आहेत.” “कोणत्या खात्यात?” “घरी गणपती बसवता का?” आणि सर्वांत शेवटी, “लग्नाचे काही ठरले आहे का? लग्नानंतर नोकरी करणार ना?” इतके झाल्यावर “कळवतो” म्हणून तिला वाटेला लावले.

वडील काही बोलले नाहीत. शेजारचे काका गिरणीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “पोरी, आडनाव बदलून घे. गावाच्या नावावरून लाव. कोण विचारतंय मग?” मुलीचा भाऊ उसळून म्हणाला, “का म्हणून बदलायचं? तोंडावर सांगायचं होतं, आम्ही जयभीमवाले आहोत म्हणून!” तेव्हा आई म्हणाली, “तुम्ही दोघं घरात बसून बोलताय. तिथं खुर्चीवर ती एकटी बसली होती.”

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट एका घरातली असली तरी ती अनेक घरांतली आहे. आपली मुले-मुली शिकली. आईवडिलांनी धुणीभांडी करून, पाळ्या करून, वेळप्रसंगी कर्ज काढून त्यांना शिकवले. आता ती कारकुनाच्या, परिचारिकेच्या, शिक्षिकेच्या, दुकानातील विक्रेत्याच्या, संगणक चालवणाऱ्याच्या नोकरीसाठी दारोदार मुलाखती देत आहेत. अभ्यासाची तयारी ती करतात. पण घराविषयी, जातीविषयी, लग्नाविषयी, शरीराविषयी जे प्रश्न विचारले जातात त्यांची तयारी कोणी करून घेत नाही. म्हणून या विषयावर घरात बसून बोलणे जरूर आहे.

हा मनाचा भास नव्हे

मुलाखतीत आडून जात विचारतात असे आपण म्हटले की पुष्कळ लोक म्हणतात, “तुमच्याच मनात न्यूनगंड आहे. साहेबांनी सहज चौकशी केली असेल.” काही वेळा ती सहज चौकशी असतेही. परंतु नेहमीच ती तशी नसते, याला आता अभ्यासाचा आधार आहे.

औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकून पुढे नामवंत अर्थशास्त्रज्ञ झालेले डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी एक साधी परंतु मोठी पाहणी केली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिराती पाहून अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती आणि ४,८०८ अर्ज. शिक्षण सारखेच, अनुभव सारखाच, फरक केवळ नावाचा. एक नाव उच्चवर्णीय हिंदू वाटावे असे, एक दलित वाटावे असे, एक मुस्लिम. अर्जात जात कुठेही लिहिलेली नव्हती. तरीही दलित नावाच्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता त्याच पात्रतेच्या उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच निघाली.

त्याच वर्षी प्रा. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांच्या नोकरभरती करणाऱ्या २५ अधिकाऱ्यांशी केलेल्या बातचितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो, असेच अधिकारी सांगत होते. मात्र उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ पाहणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. वडील काय करतात, घर कसे आहे, शिक्षण कुठे झाले, यावरून ते माणूस जोखत होते. म्हणजे जात दारातून बाहेर काढली तरी ती ‘पार्श्वभूमी’ या नावाने खिडकीतून आत येते. ज्याचे वडील अधिकारी, त्याला हा प्रश्न गप्पांसारखा वाटतो. ज्याचे वडील सफाई खात्यात, त्याच्या छातीत धडधडते. प्रश्न एकच असला तरी त्याचे वजन दोघांना सारखे नसते.

बाबासाहेबांनाही हा प्रश्न चुकला नाही

‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न आपल्या इतिहासाला नवा नाही. १९०१ साली भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. चांगले कपडे घातलेली मुले पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने विचारपूस केली. ‘तुम्ही कोण?’ असे विचारताच मुलांनी भाबडेपणाने खरे सांगितले आणि मास्तरांचा चेहराच बदलला. मग बैलगाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनाच गाडी हाकावी लागली.

पुढे १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी लोक दारात उभे राहिले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहेत.

या दोन प्रसंगांत आपल्या आजच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. मसूरला खरे सांगितले आणि त्रास झाला. बडोद्याला नाव लपवले तरी त्रास चुकला नाही, उलट दहा दिवस भीतीची भर पडली. दोन्ही वेळा दोष उत्तर देणाऱ्याचा नव्हता. दोष विचारणाऱ्याच्या मनात होता. आपल्या मुलामुलींना पहिली गोष्ट हीच सांगितली पाहिजे. मुलाखतीत कोणी खोदून विचारले आणि तुमची जीभ अडखळली, तर त्यात तुमची लाज नाही.

खोटे बोलावे काय?

आता खरा पेच. विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. मग साहेबांनी जात विचारली तर सांगितलीच पाहिजे काय? न सांगणे म्हणजे खोटे बोलणे काय?

खोटे बोलणे आणि न सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे नाही ते ‘आहे’ म्हणून सांगणे हे खोटे. ज्याचा समोरच्याला अधिकार नाही ते त्याच्या हाती न देणे हे खोटे नव्हे. खुद्द तथागतांनी सत्य, हितकारक आणि योग्य वेळी बोलावयाचे असेच बोलावे असे मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात सांगितले आहे. केवळ सत्य आहे म्हणून कुठेही, कोणाहीपुढे, केव्हाही बोललेच पाहिजे असे त्यांनी सांगितले नाही.

आणि जातीच्या प्रश्नाचे म्हणाल तर तो त्यांनाही विचारला गेला होता. सुत्तनिपातात ही कथा आहे. सुंदरिका नदीच्या काठी होम करून एक ब्राह्मण उरलेली आहुती कोणाला द्यावी हे पाहत होता. डोक्यावरून वस्त्र घेऊन बसलेले भगवान त्याला दिसले. त्यांनी डोक्यावरचे वस्त्र काढले तेव्हा मुंडण केलेले मस्तक पाहून तो थबकला आणि त्याने जात विचारली. भगवंतांनी त्याला सांगितले की, जन्म विचारू नकोस, आचरण विचार. त्यांनी कोणतीही जात खोटी सांगितली नाही आणि तो रागावून निघूनही गेला नाहीत. प्रश्नच दुरुस्त करून परत केला.

अंगुत्तर निकायात तर प्रश्नांना उत्तर देण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. काही प्रश्नांचे सरळ एकच उत्तर द्यावे. काहींची फोड करून उत्तर द्यावे. काहींना उलट प्रश्न विचारून उत्तर द्यावे. आणि काही प्रश्न बाजूला ठेवावेत. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही विभागणी आजच्या मुलाखतीच्या खोलीतही उपयोगी पडते. कशी, ते पाहू.

पहिला प्रकार : सरळ उत्तर

ज्या प्रश्नाचा कामाशी संबंध आहे त्याला सरळ आणि खरे उत्तर द्यावे. शिक्षण किती, अनुभव किती, आधीची नोकरी का सोडली, रात्रपाळी जमेल का, संगणकावर काय काय येते. येथे आडपडदा ठेवू नये. न आलेल्या गोष्टीला ‘येते’ म्हणू नये. ‘येत नाही, पण शिकेन’ हे उत्तर लाजिरवाणे नाही.

छापील फॉर्मवर सही करून दिलेली माहिती खोटी असता कामा नये. पुढे ती उघड झाली तर लागलेली नोकरीही जाते. एखादा रकाना लागू नसेल तर तेथे ‘लागू नाही’ लिहावे, पण खोटे भरू नये.

सरकारी, निमसरकारी नोकरीत राखीव जागेवर अर्ज करताना जातीचा दाखला द्यावाच लागतो आणि तो ताठ मानेने द्यावा. तो आपला घटनात्मक हक्क आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर कितीतरी वर्षे बौद्धांना केंद्राच्या सवलतींपासून वंचित राहावे लागले. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा अनुसूचित जातींच्या यादीत हिंदू आणि शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही समावेश झाला. तेव्हा ‘बौद्ध’ असे सांगणे आणि दाखला देणे यात विसंगती नाही. पण हा दाखला कागदपत्रे तपासणाऱ्याने पाहायचा असतो. मुलाखत घेणाऱ्याने त्यावर टोमणे मारायचे नसतात.

दुसरा प्रकार : फोड करून उत्तर

काही प्रश्नांत कामाचा भाग आणि घरचा भाग एकत्र बांधलेला असतो. तेव्हा गाठ सोडवून कामाचा भाग तेवढा उचलावा.

“लग्नानंतर नोकरी सोडणार ना?” या प्रश्नात साहेबांना माणूस टिकेल का हे जाणून घ्यायचे असेल तर तेवढ्याचेच उत्तर द्यावे. “सर, मला ही नोकरी दीर्घकाळ करायची आहे. कामाच्या वेळा मी पाळीन.” लग्न केव्हा, कोणाशी, सासर कुठले, हे सांगायची गरज नाही.

“१४ एप्रिलला, ६ डिसेंबरला सुट्ट्या मागाल काय?” असा प्रश्न आपल्या मुलांना पुष्कळदा विचारला जातो. त्यावर वाद घालत बसू नये. “साहेब, सुट्टी लागली तर नियमाप्रमाणे आधी अर्ज देईन. दिवाळीत, गणपतीत इतरांना सुट्टी हवी असेल तेव्हा मी कामावर येऊ शकेन.” यात दीनपणा नाही आणि उद्धटपणाही नाही.

“वडील काय करतात?” याचेही तसेच. “नोकरी करतात” एवढे उत्तर पुरेसे आहे. पण एक सांगावेसे वाटते. सफाई खात्यातल्या, बांधकामावरच्या, गिरणीतल्या बापाच्या कष्टावर आपण शिकलो. त्याचे काम सांगावे की नाही हे परिस्थिती पाहून ठरवावे. परंतु सांगायची वेळ आलीच तर आवाज खाली जाऊ देऊ नये.

तिसरा प्रकार : उलट विचारून उत्तर

प्रश्न कशासाठी आहे हे कळत नसेल तर तसे विचारण्यात काही गैर नाही. “सर, या माहितीचा कामाशी कसा संबंध आहे हे सांगितलेत तर मला नेमके उत्तर देता येईल.” हे वाक्य आरशासमोर दहा वेळा म्हणून पाहावे. तेच शब्द चिडून म्हटले तर भांडण होते, शांतपणे म्हटले तर समोरचा विचारात पडतो. कधीकधी खरेच कारण असते. “कुठे राहता?” असे विचारणाऱ्याला पहाटेच्या पाळीला तुम्ही वेळेवर पोहोचाल का, हे पाहायचे असते. मग “पहिल्या लोकलने पोहोचता येते” हेच खरे उत्तर. कारण नसेल तर पुष्कळ साहेब “असू द्या, असू द्या” म्हणून पुढे जातात.

चौथा प्रकार : बाजूला ठेवणे

काही प्रश्न उत्तर देण्याच्या लायकीचेच नसतात. जातीची खोड काढणारे, खाण्यापिण्यावरून टोचणारे, शरीराविषयीचे, पतीपत्नीच्या संबंधांविषयीचे. तेथे एकच वाक्य पुरे. “ही माझी खासगी बाब आहे. कामाविषयी काही विचारायचे असल्यास जरूर विचारा.” एवढे बोलून थांबावे. स्पष्टीकरण देत बसू नये. घाबरून आपणच जास्त बोलू लागलो की समोरच्याला आणखी धागे मिळतात.

आणि सरळच विचारले, “तुमची जात कोणती?” तर? या प्रश्नावर प्रत्येक घराने आधीच विचार करून ठेवावा. ज्याला वाटते की सांगू नये, त्याने वरचे वाक्य वापरावे. ज्याला वाटते की सांगावे, त्याने चार शब्दांत सांगावे. “आम्ही बौद्ध आहोत.” पुढे “म्हणजे आधीचे कोण?” असे आलेच तर “मी जन्मापासून बौद्धच आहे” एवढे म्हणून कामाच्या विषयावर यावे. दोन्ही मार्ग स्वाभिमानाचे आहेत. खोटी जात सांगण्याचा मार्ग तेवढा टाळावा, कारण त्यात पुढची सगळी नोकरी बडोद्याच्या धर्मशाळेसारखी होते. डबा उघडताना भीती, पाहुणा आला की भीती, जयंतीचा फोटो कोणी पाहिला की भीती.

भगिनींसाठी दोन शब्द

आपल्या मुलींना दुहेरी मारा सोसावा लागतो. जातीचे प्रश्न आहेतच, वर बाईपणाचे. याबाबतीत एका निकालाची माहिती प्रत्येक घरात असावी.

नीरा माथूर नावाच्या एका महिलेची १९८९ साली आयुर्विमा महामंडळात सहायक पदासाठी निवड झाली. तिच्याकडून जो फॉर्म भरून घेतला त्यात मासिक पाळी नियमित आहे का, किती वेळा गर्भ राहिला, गर्भपात झाला का, असे रकाने होते. पुढे तिने प्रसूतीची रजा घेतली आणि १९९० साली तिला कामावरून काढले. तिने फॉर्ममध्ये खरी माहिती दिली नाही, असे कारण महामंडळाने पुढे केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ साली न्यायालयाने सांगितले की, असे प्रश्न स्त्रीला अपमानास्पद वाटावेत असेच आहेत. तिची शालीनता आणि स्वाभिमान यांमुळे तिला ही माहिती देणे अशक्य होऊ शकते. न्यायालयाने तिला पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि ते रकाने फॉर्ममधून काढून टाकण्यास सांगितले.

तरीही ही खोड पुरती गेली नाही. तीन महिन्यांहून अधिक दिवसांच्या गरोदर उमेदवाराला तात्पुरते अपात्र ठरवणारा नियम स्टेट बँकेने आणला, तेव्हा देशभर टीका झाली आणि २०२२ च्या जानेवारीत बँकेला तो मागे घ्यावा लागला. प्रसूतीची रजा हा १९६१ च्या कायद्याने मिळालेला हक्क आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची झाली. हा हक्क मागणारी स्त्री कोणाचे उपकार मागत नाही. आणि बाबासाहेब मजूर मंत्री असताना खाणीतल्या स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभासाठी झटले होते, हे आपण विसरता कामा नये.

मुलाखतीत कोणी अंगाविषयी बोलू लागला, घाणेरडे सुचवू लागला, संध्याकाळी वेगळे भेटायला बोलावू लागला, तर तेथे चार प्रकारांचा विचार करीत बसू नये. पिशवी उचलावी आणि बाहेर पडावे. २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा नोकरीवर असलेल्या स्त्रीपुरताच नाही. स्त्री त्या ठिकाणी नोकरीला असो वा नसो, तिला तक्रार करता येते. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असावी लागते. लहान जागा असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी.

कायदा कोठपर्यंत पोहोचतो?

कायद्याविषयी खोटी आशा लावणे बरे नाही, म्हणून जसे आहे तसे सांगतो.

घटनेच्या १६ व्या कलमाप्रमाणे सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, निवास या कारणांवरून कोणाही नागरिकाला डावलता येत नाही. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या श्रेणीच्या बहुतेक पदांसाठी मुलाखतच बंद केली, त्यामुळे असे प्रश्न विचारण्याची जागाही कमी झाली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत अधिकार आहे. त्याच साली झालेल्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्हीच्या तपासणीची अट घालता येत नाही.

खासगी कंपनीत मात्र जात विचारली म्हणून लगेच शिक्षा होईल असा सरळ कायदा आपल्याकडे नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही नोकरीधंद्यात अडवणे हा गुन्हा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने नोकरीधंद्यात अडथळा आणण्याविरुद्ध तरतूद आली. पण सिद्ध करणे कठीण. जातीवाचक अपमानाच्या कलमाला तो प्रकार लोकांच्या नजरेसमोर घडलेला असावा लागतो. बंद केबिनमध्ये तुम्ही आणि साहेब दोघेच असाल तर साक्षीदार कोण?

म्हणून बाहेर पडल्याबरोबर जवळच्या बाकावर बसून लिहून काढावे. तारीख, वेळ, ठिकाण, कोण होते, नेमके शब्द काय होते. जाहिरातीचे कात्रण, आलेला निरोप, फॉर्मची प्रत जपून ठेवावी. पुढे तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवता येते. पण लिहिलेले नसेल तर ठरवण्यासारखे काही उरतच नाही. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

उत्तराची किंमत

येथवर वाचून कोणी म्हणेल, “लिहिणे सोपे आहे. घरात चूल पेटायची असते तेव्हा साहेबाला उलट विचारायची कोणाची हिंमत?” हे म्हणणे खरे आहे. प्रश्न बाजूला ठेवला म्हणून नोकरी हुकू शकते. ज्या घरात भाडे थकले आहे, बापाचे काम सुटले आहे, तेथली मुलगी सगळी उत्तरे देऊन आली तर तिला कोणी भेकड म्हणू नये. ती भेकड नाही, तिच्यावर घर आहे. उलट प्रश्न न देता उठून आलेल्या मुलालाही “चांगली नोकरी घालवलीस” म्हणून बोलू नये. किती सोसायचे आणि कुठे थांबायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. घराने पाठीशी उभे राहायचे असते.

आपल्या कित्येक माता-भगिनी घरकामाला जातात. त्यांची मुलाखत तर दारातच होते. “कोणत्या समाजाची गं तू?” तेथे ना फॉर्म, ना समिती, ना लेखी नेमणूक. त्यांनी वर्षानुवर्षे या प्रश्नाला आपापल्या परीने तोंड दिले आहे. “बाई, मी कामाला आले आहे, काम बघा आणि मग बोला” असे म्हणणाऱ्या आयाही याच वस्त्यांत आहेत. शिकलेल्या मुलींनी त्यांच्याशेजारी बसून ते ऐकावे. पुस्तकात न मिळणारे शिक्षण तेथे मिळेल.

विहारात मुलाखत

एक छोटी सूचना करून हा लेख संपवतो. प्रत्येक वस्तीत विहार आहे. रविवारच्या वंदनेनंतर एक तास काढावा. बँकेत, रेल्वेत, शाळेत, इस्पितळात नोकरी करणारे दोघे-तिघे टेबलामागे बसावेत आणि मुलामुलींच्या खोट्या खोट्या मुलाखती घ्याव्यात. कामाचे प्रश्न विचारावेत, तसेच ते दुसरेही प्रश्न विचारावेत. पहिल्यांदा हसू येईल, मग कोणाचे डोळे भरून येतील, तिसऱ्या वेळी आवाज स्थिर होईल. जो प्रश्न आपल्या माणसांत दहा वेळा ऐकला, तो परक्या खोलीत कानावर आला तरी घाम फुटत नाही. आईवडिलांनीही समोर बसावे. आपल्या लेकरांना बाहेर काय ऐकावे लागते हे त्यांनाही कळू द्यावे.

त्या मुलीचे पुढे काय झाले असे वाचक विचारतील. त्या साहेबांकडून काही कळवले गेले नाही. महिनाभराने तिने दुसरीकडे मुलाखत दिली. तेथेही गाव विचारले, वडिलांचे खाते विचारले. या वेळी ती म्हणाली, “सर, वडील महानगरपालिकेत आहेत. माझ्या हिशेबाच्या कामाविषयी विचारायचे असेल तर मी तयार आहे.” समोरच्या बाई थोड्या हसल्या आणि त्यांनी तिच्यापुढे खतावणी सरकवली. नोकरी लागली की नाही हे अजून ठरायचे आहे. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर आईने तांब्या पुढे केला तेव्हा तिला काही विचारावे लागले नाही. मुलगी आपणहून सांगू लागली.

जयभीम!